एआर-१५ चं हँडगार्ड: किती काम घरी, किती गनस्मिथकडे

एआर-१५ या अर्धस्वयंचलित रायफलीचं हँडगार्ड, म्हणजे बॅरलभोवतीचं (बंदुकीच्या नळीभोवतीचं) पुढच्या हातानं धरायचं आवरण, घरी बदलायचं की गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, द्यायचं, हे हँडगार्डवरून ठरत नाही. ते ठरतं त्याच्या आत दडलेल्या दोन भागांवरून: बॅरल रिसीव्हरला (रायफलीच्या धडाला) आवळून धरणारा बॅरल नट, आणि बॅरलमधला थोडा गॅस गॅस ट्यूबमधून मागे वळवून पुढची गोळी आपोआप भरायला लावणारा गॅस ब्लॉक. हे दोन भाग हलवावे लागणार नसतील तर काम किरकोळ आहे. नट हलवायचा असेल तर अवजारं आणि सबुरी लागते. गॅस ब्लॉकही काढायचा असेल, आणि तो कारखान्यात पिना ठोकून बसवलेला असेल, तर निदान तेवढ्यापुरतं तरी मी गनस्मिथचं दार दाखवतो.

कारखान्यातून येणारं साधं हँडगार्ड वरची आणि खालची अशा दोन पाळ्यांचं असतं. मागच्या बाजूला स्प्रिंगवर दाबली जाणारी डेल्टा रिंग, पुढे फ्रंट साइटच्या (नेम धरायच्या पुढच्या खुणेच्या; अशा रायफलीत गॅस ब्लॉक तिच्यातच असतो) मागे पत्र्याची टोपी. रिंग मागे ओढली की दोन्ही पाळ्या सुटतात. त्याच जागी बसणारं ‘ड्रॉप-इन’ हँडगार्ड घेतलं तर अवजाराला हात लावायची गरज नाही. रिंगची स्प्रिंग नवी आणि ताठ असेल तर दुसऱ्या कुणाला रिंग धरायला सांगावं, एवढंच. या कामासाठी गनस्मिथला पैसे देऊ नयेत.

पण ड्रॉप-इनमध्ये मूळ दोष तसाच राहतो. त्याचं पुढचं टोक बॅरलवर टेकलेलं असतं. पट्टा ताणला, बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) भार दिला, कुठे टेकवून नेम धरला, की तो दाब बॅरलपर्यंत पोचतो आणि गोळी लागायची जागा सरकते. फ्री-फ्लोट हँडगार्ड फक्त मागे, बॅरल नटाच्या आधारानं उभं असतं. पुढे बॅरलला कुठेही शिवत नाही. त्यानं गोळ्यांचा पुंजका एकदम निम्म्यावर येईल अशी आशा धरू नये. वाळूच्या पिशवीवर अलगद टेकवून, पट्टा न लावता मारणाऱ्याला फरक जाणवणारही नाही. फायदा असा की रायफल कशीही धरली तरी नेम तिथेच राहतो.

आता निवड. सगळे लांबी आणि वजन बघतात, मी आधी गॅस प्रणाली बघतो, म्हणजे गॅस ब्लॉक बॅरलवर किती पुढे आहे ते; त्यावरून कार्बाइन, मिड-लेंग्थ आणि रायफल-लेंग्थ असे प्रकार पडतात. मूळ हँडगार्डची लांबी कार्बाइनला साधारण ७ इंच, मिड-लेंग्थला ९ आणि रायफल-लेंग्थला १२ इंच. नवं हँडगार्ड याहून लांब असेल तर ते गॅस ब्लॉकवरून पुढे जाणार, म्हणजे उभी त्रिकोणी फ्रंट साइट तिथे राहू शकत नाही. तिच्या जागी ठेंगणा गॅस ब्लॉक हवा. फ्रंट साइट ठेवायची असेल तर लांबी तेवढीच घ्यावी, पण तिथेही एक मेख आहे: फ्रंट साइट जागेवर असताना अखंड नट बॅरलवरून पुढे काढताच येत नाही. अशा वेळी मूळ नटावरच आवळलं जाणारं दोन तुकड्यांचं फ्री-फ्लोट मिळतं. जुनी डेल्टा रिंग कापून काढायची आणि नटाला हात न लावता ते बसवायचं. कमी दगदगीत फ्री-फ्लोट हवं असेल तर हा मार्ग वाईट नाही, वजन मात्र थोडं वाढतं.

ठेंगणा ब्लॉक मागवण्याआधी बॅरलची ती जागा कॅलिपरनं मोजावी. ०.७५० इंच (१९ मिमी) सर्वांत जास्त आढळतो, पण सडपातळ बॅरलला ०.६२५ आणि जाड बॅरलला ०.९३६ असतो. अंदाजानं मागवलेला ब्लॉक परत पाठवावा लागतो. हँडगार्डचा आतला व्यासही बघावा. सडपातळ हँडगार्ड हातात छान बसतं, पण ब्लॉकचा उंचवटा किंवा त्याच्या स्क्रूचं डोकं आतून घासलं तर फ्री-फ्लोटचा अर्थच संपला. चारी बाजूंनी कागद सहज फिरेल एवढी तरी फट हवी. हँडगार्डवर जोडण्या अडकवायच्या खाचांबद्दल म्हणाल तर मॅगपुल कंपनीनं २०१४ साली आणलेली एम-लॉक पद्धत घ्यावी. की-मॉड या दुसऱ्या पद्धतीचं सामान आता शोधावं लागतं.

काम सुरू करताना मॅगझिन काढून, बोल्ट मागे धरून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यानं आणि बोटानं तपासायचं, आणि काडतुसं त्या खोलीतच ठेवायची नाहीत. मग दोन्ही पिना ढकलून अप्पर (रायफलीचा बॅरलसकट वरचा अर्धा भाग) वेगळं करायचं, बोल्ट कॅरियर (बोल्ट वाहणारा सरकता भाग) आणि चार्जिंग हँडल (तो मागे ओढायची मूठ) बाहेर. पुढचं सगळं काम फक्त अप्परवर.

अप्पर धरायचं कशात, हा पहिला खरा प्रश्न. नुसतं व्हाइसच्या जबड्यात कापड घालून आवळलं तर ॲल्युमिनियमचं रिसीव्हर दबून लंबगोल होतं आणि मग कॅरियर अडकतो. एक पर्याय म्हणजे बाहेरून कवच घालणारा प्लॅस्टिकचा ठोकळा. दुसरा, आतून जाऊन बॅरल एक्स्टेन्शनच्या (बॅरलच्या मागच्या टोकाच्या) दातांत बसणारा पोलादी दांडा. दांडा वापरला की बॅरलच्या पिनेवर अजिबात ताण येत नाही असं बरेच जण ठासून सांगतात. ते पूर्ण खरं नाही. ठोकळ्यात रिसीव्हर धरलेलं असतं, तेव्हा नट बॅरलच्या कडेला घासून बॅरल फिरवू बघतो. दांड्यावर बॅरल धरलेली असते, तेव्हा नटाचे आटे रिसीव्हर फिरवू बघतात. दोन्हीकडे मधे सापडते ती एक्स्टेन्शनवरची छोटी पिन, आणि मार खाते ती मऊ रिसीव्हरमधली तिची खाच. खाच रुंदावली की बॅरल किंचित कलते आणि साइट एका बाजूला सरकवता सरकवता तिची हद्द संपते. त्यामुळे साधन कोणतंही असो, आट्यांवर आणि नटाच्या आतल्या कडेवर ग्रीस हवंच. मला दांडा आवडतो तो वेगळ्या कारणानं: रिसीव्हर चिरडायची भीती राहत नाही.

बॅरलच्या तोंडावरचा फ्लॅश हायडर (ज्वाळा लपवणारा तुकडा) आधी काढायचा, कारण गॅस ब्लॉक पुढूनच बाहेर येतो. .२२३ च्या बॅरलला तिथे १/२-२८ आटे (अर्धा इंच व्यास, इंचाला २८) असतात आणि ते नेहमीसारखे डावीकडे फिरवून सुटतात. आत क्रश वॉशर (आवळताना दबणारी चकती) असेल तर तो एकदा दबला की संपला. पुन्हा बसवताना नवा घ्यावा. फ्लॅश हायडरवर वेल्डचा छोटा गोल ठिपका दिसला तर मात्र तिथेच थांबावं. अमेरिकेत १४.५ इंची बॅरलवर फ्लॅश हायडर पिन ठोकून वेल्ड करतात, लांबी कायद्याच्या १६ इंचांवर नेण्यासाठी. तो काढला की त्या क्षणी ती रायफल १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली शॉर्ट-बॅरल्ड रायफल ठरते, आणि नोंदणीशिवाय ती जवळ असणं गुन्हा. हे काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्यायचं.

फ्रंट साइट दोन निमुळत्या पिनांवर असते. दोन्ही पिनांचं एक टोक बारीक, एक जाड. बारीक टोकावर ठोकायचं. उलट बाजूनं ठोकलं तर पिन आणखी रुतते. कॅलिपर लावून दोन्ही टोकं मोजावीत, नजरेवर विसंबू नये. खाली भक्कम आधार हवा, पंच पिनेच्या टोकाएवढा रुंद आणि आखूड, आणि पहिला घाव जोरदार. हलक्या हातानं टकटक केली की पिनेचं तोंड मश्रूमसारखं पसरतं आणि मग ती भोकातून जातच नाही. काही पिना इतक्या घट्ट असतात की हायड्रॉलिक प्रेस लागतो, नाहीतर ड्रिल करून काढाव्या लागतात. ड्रिल जरा सरकलं तर बॅरलच्या खालची खाच बिघडते. हे काम गनस्मिथ रोज करतो, त्याच्याकडे त्या मापाचा आधारठोकळा असतो. घरी एकदाच करायच्या कामासाठी मी तो धोका घेत नाही. स्क्रूवरचा ब्लॉक असेल तर प्रश्नच नाही. ॲलन कीनं दोन स्क्रू सैल केले की तो गॅस ट्यूबसकट पुढे सरकतो.

जुना बॅरल नट. इथे लोक हीट गन काढतात, आणि इथेच गैरसमज आहे. नट पोलादाचा आणि बाहेर, रिसीव्हरचे आटे ॲल्युमिनियमचे आणि आत. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणजे सगळं सावकाश तापवलं तर पकड सैल होण्याऐवजी घट्ट होते. उष्णतेचा उपयोग एकाच कामासाठी: कुणी थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारं द्रव्य) लावला असेल तर तो मऊ करायला. नुसताच गच्च बसलेला नट असेल तर आत झिरपणारं तेल रात्रभर सोडावं, मग लांब दांड्यानं एकच झटका द्यावा. गॅसची ज्योत अजिबात नको. ७०७५-टी६ ॲल्युमिनियमचा कस उष्णतेनं जातो आणि ते बघून कळतही नाही. पाना नटाच्या सगळ्या दातांत पूर्ण बसलेला हवा. अर्धवट बसून घसरला की दात खाल्ले जातात, आणि दुसऱ्या खेपेला तो धरणारच नाही. जुना नट पुन्हा वापरायचा नसेल तर शेवटचा उपाय म्हणून तो उभा कापून काढता येतो, पण आतल्या आट्यांना ब्लेड लागता कामा नये. तिथपर्यंत वेळ आली तर गनस्मिथच बरा.

नवा नट बसवण्याआधी आटे ब्रशनं साफ करून कोरडे करायचे. ग्रीस मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं. ग्रॅफाइटचं घेऊ नये. पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या मधे ग्रॅफाइट आलं की ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजायला लागतं. नट हातानं शेवटपर्यंत जायला हवा. दोन फेऱ्यांतच पाना लागत असेल तर आटे तिरके पकडले आहेत. उलट फिरवून पुन्हा सुरू करावं.

मूळ धाटणीच्या नटासाठी लष्करी पद्धत अशी: ३० फूट-पाउंड टॉर्कपर्यंत (टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर) आवळा, सोडा, असं तीनदा. त्यानं आट्यांवरचे खडबडीत कण बसतात. मग पुन्हा ३० ला नेऊन, गॅस ट्यूबची पुढची खाच सरळ रेषेत येईपर्यंत पुढे फिरवा. वरची मर्यादा ८० फूट-पाउंड. न्यूटन-मीटरमध्ये सांगायचं तर साधारण ४१ ते १०८. खाच जुळवण्यासाठी नट कधीही मागे फिरवायचा नाही. ८० आलं आणि खाच अजून जुळली नाही, तर नट काढून पुन्हा ग्रीस करून बघावं किंवा पातळ शिम (धातूची चकती) घालावी. फ्री-फ्लोटच्या बऱ्याच नटांमध्ये गॅस ट्यूब नटाच्या बाहेरून किंवा मोठ्या खाचेतून जाते, तिथे ट्यूबसाठी जुळवाजुळव लागत नाही. मात्र हँडगार्डच्या स्क्रूची भोकं वर-खाली नेमकी यावीत म्हणून शिमा दिलेल्या असतात. त्या नटाचा टॉर्क त्याच्यासोबतच्या सूचनांच्या कागदावर दिलेला असतो आणि तो मूळ पद्धतीपेक्षा वेगळा असू शकतो. कागदावरचाच पाळावा.

टॉर्क रेंचबद्दल एक बारकावा, जो बहुतेक जण सोडून देतात. बॅरल नटाचा पाना रेंचच्या पुढे सरळ रेषेत लावला की तरफेची लांबी वाढते, आणि रेंचवर दिसतो त्यापेक्षा जास्त टॉर्क नटावर पडतो. हवा असलेला टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच आणि पान्याची मिळून लांबी, एवढं सेटिंग ठेवायचं. रेंच १५ इंची, पाना पुढे २ इंच, नटावर हवेत ४० फूट-पाउंड, तर रेंच ३५ वर. पाना रेंचला काटकोनात लावला तर हा हिशेब करावा लागत नाही, म्हणून जागा असेल तिथे मी काटकोनातच लावतो.

गॅस ट्यूब ब्लॉकमध्ये बाहेरच बसवून घ्यायची. ट्यूबला टोकाजवळ एक गॅसचं भोक असतं, ते ब्लॉकच्या बाजूनं खाली यायला हवं; भोक खाली नसेल तर गॅस मिळत नाही आणि रायफल एकेका गोळीची होऊन बसते. रोल पिन ५/६४ इंची पंचानं ठोकायची, तीही रोल पिनच्या खास पंचानं, ज्याच्या टोकाला बारीक उंचवटा असतो. साध्या पंचानं पिनेचं तोंड चेपतं.

ब्लॉक बॅरलवर चढवताना आणखी एक फसगत होते. ज्या बॅरलवर आधी पत्र्याची टोपी आणि फ्रंट साइट होती, तिथे गॅसचं छिद्र टोपीची जाडी धरून पाडलेलं असतं. टोपी गेली आणि नवा ब्लॉक बॅरलच्या खांद्याला (तिचा व्यास वाढतो त्या पायरीला) टेकवून बसवला, तर तो सुमारे ०.०३० इंच मागे सरकतो आणि छिद्र अर्धवट झाकलं जातं. म्हणून खांदा आणि ब्लॉक यांच्यामध्ये ०.०३० इंच जाडीची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) धरून ब्लॉक आवळायचा, मग गेज ओढून काढायची. हे चुकलं की लोक काडतुसांना, बफरला, मॅगझिनला दोष देत बसतात. डावी-उजवी जुळणी करण्यासाठी ब्लॉक चढवण्याआधी छिद्राच्या सरळ रेषेत बॅरलवर मार्करची रेघ मारून ठेवावी.

स्क्रूच्या ब्लॉकखाली बॅरलला छोटे खड्डे असतील तर स्क्रू त्यात बसतात आणि ब्लॉक हलत नाही. गनस्मिथकडून करून घेण्यासारखं हे दुसरं काम. जिग (ड्रिल जागेवर धरणारा साचा) लावून तो ते नेमक्या जागी पाडतो. निळा थ्रेडलॉकर इथे टिकत नाही. तो साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंतचा आहे, आणि सलग गोळीबारात गॅस ब्लॉक त्याहून सहज वर जातो. रॉकसेटसारखं सिरॅमिक चिकटद्रव्य वापरावं. ते उष्णता सोसतं आणि काढायचं झालं तर पाण्यात भिजवून सुटतं.

हँडगार्ड चढवण्याआधी एक चाचणी. बोल्ट, कॅम पिन, फायरिंग पिन काढून नुसता कॅरियर अप्परमध्ये घालायचा आणि अप्पर पुढे कलंडवायचं. कॅरियर स्वतःच्या वजनानं शेवटपर्यंत जायला हवा, गॅस की (कॅरियरवरची छोटी नळी) ट्यूबवर चढताना किंचितही अडखळता कामा नये. अडखळला तर ट्यूब नटाला घासत आहे किंवा ब्लॉक तिरका आहे. ट्यूब हातानं वाकवून जमवणारे असतात. मी आधी नट आणि ब्लॉक बघतो, कारण दहांत नऊ वेळा दोष तिथे असतो.

मग हँडगार्ड. स्क्रू आधी सैल ठेवायचे, रिसीव्हरच्या वरची पट्टी आणि हँडगार्डची वरची पट्टी एका रेषेत आणायची, दोन्हींवर बसेल अशी एखादी लांब माउंट किंवा सरळपट्टी तात्पुरती आवळून ठेवायची, आणि मगच स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीनं. इथले टॉर्क इंच-पाउंडांत असतात, फूट-पाउंडांत नाही. ॲल्युमिनियमचे आटे ओरबाडले जातात ते याच गफलतीत. इथे निळा थ्रेडलॉकर चालतो. एम-लॉकची जोडणी लावताना स्क्रूची आतली टोकं टॉर्च मारून बघा. जरा लांब स्क्रू गॅस ब्लॉकला किंवा ट्यूबला टेकला की सगळी मेहनत पाण्यात.

हेडस्पेसबद्दल (बंद बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस टेकतं तिथपर्यंतच्या अंतराबद्दल) विनाकारण घाबरवलं जातं. एआर-१५ मध्ये हेडस्पेस बोल्ट आणि बॅरल एक्स्टेन्शन यांच्यात ठरतो; तीच बॅरल, तोच बोल्ट असेल तर नट बदलल्यानं तो बदलत नाही.

अवजारांचा हिशेब मांडला तर एकाच रायफलीसाठी दांडा, नटाचा पाना, दोन टॉर्क रेंच, पंच आणि फीलर गेज घेणं गनस्मिथच्या मजुरीपेक्षा महाग पडतं. दुसरी रायफल असेल किंवा हात बसवायचा असेल तरच ते परवडतं. मधला मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो: फ्रंट साइट काढणं आणि खड्डे पाडणं गनस्मिथकडे, बाकी घरी. अमेरिकेत कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे नंबर असलेलं लोअर (खालचा अर्धा भाग), त्यामुळे कामाला फक्त अप्पर नेलं तरी भागतं. नेताना हँडगार्डचा कागद, शिमा आणि त्याचाच पाना सोबत द्यावा. नसला तर कारागीर दुसऱ्या पान्यानं दात खाऊन टाकतो. अप्पर कशात धरणार, नटाला किती टॉर्क दिला ते लिहून देणार का, जुने भाग परत मिळतील का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. टॉर्कच्या प्रश्नाला ‘हाताच्या अंदाजानं’ असं उत्तर आलं तर अप्पर उचलावं आणि दुसरीकडे जावं. काम होऊन आलं की कॅरियरची तीच चाचणी आपणही करावी.

रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून झाडायचं. बोल्ट मागे अडकून राहिला तर गॅस पुरेसा मिळतोय. पाच-सहा वेळा तसंच करून बघावं. बोल्ट अडकला नाही आणि रिकामी पुंगळी मागच्या बाजूला मरगळून पडली, तर ब्लॉक सरकलेला आहे. तो सोडून रेघेशी पुन्हा जुळवावा. ब्लॉकभोवती सुरुवातीला थोडी काजळी दिसते, ती कार्बन साठला की थांबते. नेम नव्यानं लावावा लागतो, कारण बॅरलवरचा जुना दाब गेलेला असतो. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून हँडगार्डपर्यंत रंगाची एक रेघ मारून ठेवावी, आणि बॅरल थंड झाल्यावर त्या रेघा तुटल्यात का ते बघावं.